होडी कुठल्या बाजूला गेली?

शेवट

रिकामी होडी. काठावर अंबू.
ती होडीला दोन्ही हात लावते आणि ढकलते.
होडी डावीकडे जाऊ लागते.
अंबू हाक मारत नाही. रडतही नाही. एकदाच मागं वळून बघते.
अंधार.

"झालं," पद्माबाई म्हणाल्या आणि त्यांनी डोळे उघडले.

कोल्हापुरातल्या चित्रस्मृती केंद्राची ही खोली दातांच्या दवाखान्यासारखी होती. तशीच मागं कलणारी खुर्ची, तोच जंतुनाशकाचा वास. फरक एवढाच, की इथं तोंड उघडायचं नव्हतं, डोळे मिटायचे होते. डोक्यावर हेल्मेटसारखी टोपी होती. मेंदूच्या मागच्या भागात, जिथं दिसलेल्या गोष्टींची छाननी चालते, तिथं पेशी कामाला लागल्या की अतिशय क्षीण चुंबकीय लहरी उठतात. टोपी त्या टिपायची. आधी तासभर पडद्यावर चित्रं दाखवायचे: घोडा, जिना, पाणी, पोळ्या लाटणारे हात. कुठल्या चित्राला ह्या माणसाचा मेंदू कसा थरथरतो हे संगणक शिकून घ्यायचा. मग पडदा बंद करून सांगायचे, आता आठवा. समोर काही नसतानाही मेंदू जवळजवळ तसाच थरथरतो. त्या थरथरीवरून संगणक उलटा प्रवास करून चित्र काढायचा, हलणारं.

'कृष्णेची नावाडीण' हा सिनेमा आता जगात कुठंही नव्हता. एका छोट्या कंपनीनं काढला, कंपनी बुडाली, निगेटिव्ह त्यातली चांदी काढून घ्यायला भट्टीत गेली. उरलेली एक छोटी प्रिंट गणेशोत्सवात गल्लोगल्ली फिरत राहिली आणि तीही गेली. राहिला तो फक्त म्हाताऱ्या डोक्यांमध्ये. म्हणून केंद्रानं जाहिरात दिली होती: ज्यांनी पाहिलाय त्यांनी या. आणि सांगली-मिरजेपासून इस्लामपूरपर्यंतची माणसं आली होती, डबे घेऊन, नातवंडांच्या आधारानं, जणू पुन्हा एकदा सिनेमालाच निघाली होती.

यंत्र चालवणारी रिद्धी साळोखे नावाची मुलगी म्हणाली, "काकू, एक सांगू? रागावू नका. तुमचा शेवट गाळात जाणार."

"कशात?"

"गाळात. आम्ही सगळ्यांची चित्रं एकावर एक ठेवतो. जे जुळतं ते सिनेमातलं असणार. जे जुळत नाही ते ज्याचं त्यानं रचलेलं असतं. त्याला आम्ही गाळ म्हणतो. तुमची होडी डावीकडे जाते. बहुतेकांची उजवीकडे."

"बहुतेकांची म्हणजे सगळ्यांची नाही ना?"

"नाही. तोच तर घोळ आहे." रिद्धीनं पडदा वळवला. "सरासरी काढली की हे असं होतं."

नदीच्या मधोमध होडी होती आणि ती कुठंच जात नव्हती. दोन्ही बाजूंनी ओढल्यासारखी जागच्या जागी थरथरत होती.

"अगं बाई," पद्माबाई हसल्या. "हिला तर पुराचा भोवरा लागलाय. माझं दाखव बघू."

शाळेत उभा जन्म चित्रकला शिकवलेली बाई. हा शेवट त्यांनी किती वेळा काढला असेल. पोरांना पाण्यातलं प्रतिबिंब शिकवताना फळ्यावर, घरी बैठकीतल्या भिंतीवर जलरंगात. ती होडी डावीकडेच जायची. यात शंकेला जागाच नव्हती.

रिद्धीनं चित्र लावलं. पद्माबाई पुढं वाकल्या. बराच वेळ वाकलेल्याच राहिल्या.

"हिचा पदर बघ. उजव्या खांद्यावर. नथही उजव्या नाकपुडीत. नऊवारी नेसलेली नावाडीण असा पदर घेईल होय? मी काढते तेव्हा पदर बरोबर डावीकडे घेते, हाताला सवय आहे. पण डोळ्यानं बघितलं ते असं बघितलंय." त्या मागं रेलल्या. "हे आरशातलं आहे, पोरी."

"आरशातलं कसं?"

"गणपतीत गल्लीत आडवा पडदा बांधायचे. ह्या बाजूच्या खांबापासून त्या बाजूच्या खांबापर्यंत, पांढरं धोतर कापड. सिनेमाचं मशीन एका बाजूला. पण चित्र कापडातून आरपार दिसायचं की. समोर जागा संपली, की माणसं पडद्याच्या मागं बसायची. ज्यांची घरं त्या टोकाला, ती तर उंबऱ्यातूनच बघायची. त्यांना सगळं उलटं दिसायचं. डावखुरा नायक, उलटी अक्षरं. कुणी तक्रार करायचं नाही. फुकटचा सिनेमा. आमचं घर त्या—"

आणि पद्माबाई थांबल्या.

"काकू? तुमचं घर कुठं?"

"त्या टोकाला," पद्माबाई म्हणाल्या. पण आता त्या रिद्धीशी बोलत नव्हत्या.

जुळलेली गोष्ट

मगदुमांच्या घरी कुठलंही कार्य असो, बारसं, साखरपुडा, निवृत्ती, कुणीतरी म्हणायचंच, "भूपालराव, ती सिनेमाची गोष्ट होऊ दे." मग पद्माबाईंचे यजमान भूपालराव चहाचा कप खाली ठेवायचे.

गवळी गल्लीचा गणपती. 'कृष्णेची नावाडीण' लागलेला. भूपालराव साखर कारखान्यात नुकते केमिस्ट म्हणून लागलेले, गल्लीत आत्याकडे उतरलेले. खाली बसायला पोतं, शेजारी एक मुलगी. ओळख नाही, देख नाही. मध्येच तिनं न बघताच शेंगदाण्यांचा कागद पुढं केला. शेवट आला आणि ती मुलगी रडायला लागली. पडद्याच्या उजेडात गालावरचं पाणी तेवढं चमकलं. भूपालरावांना पुढचा सिनेमा दिसलाच नाही. दुसऱ्या दिवशी ते आत्याला म्हणाले, सिनेमा बघून रडली ती कुणाची मुलगी, बघ. आत्यानं चौकशी केली. गल्लीनं सांगितलं: ती होय, उपाध्यांची पद्मा, दोन दिवस झाले डोळे पुसतेय. स्थळ गेलं, जमलं.

"आणि बघायला गेलो तेव्हा मी विचारलं," इथं भूपालराव नेहमी थांबायचे, "त्या दिवशी सिनेमाला होता ना तुम्ही? रडत होता? तर ही म्हणते, हो."

सगळे हसायचे. पद्माबाईही हसायच्या. त्या सिनेमाला होत्या. रडल्याही होत्या. खोटं काहीच नव्हतं. आपल्या शेजारी कोण बसलं होतं ते त्यांना सुरुवातीला आठवायचं नाही, पण ऐकून ऐकून पुढं आठवायला लागलं. शेंगदाणे किती खारट होते तेसुद्धा.

आणि भूपालराव तर समोरच्या बाजूला होते. आत्याचं घर मशीनच्या टोकाला.

बसच्या खिडकीशी पद्माबाई हिशेब मांडत होत्या. गल्ली एक, सिनेमा एक, पोरी दोन. त्यातली एक पडद्याच्या अलीकडे, एक पलीकडे. तो एकीला बघून आला आणि दुसरीच्या घरी पोहे खाऊन गेला. आता त्याच्या मनात इतकी वर्षं जी बसलीय, ती कोण?

हा प्रश्न बावळट होता. नातवंडं शाळेत जाणारी, गुडघ्याचं ऑपरेशन दोघांचंही झालेलं. पण बावळट प्रश्न असा, की एकदा आत आला की पाय पसरून बसतो.

मध्यंतर

एव्हाना हे यंत्र नुसतं हरवलेल्या सिनेमांपुरतं राहिलं नव्हतं. पुण्या-मुंबईत दुकानं निघाली होती: या, तुमचा आवडता सिनेमा तुमच्या डोक्यात जसा आहे तसा घेऊन जा. लग्नाच्या हॉलमध्ये नवरा-नवरीचे लाडके सिनेमे शेजारी शेजारी लावायची टूम निघाली. आणि मग गंमत व्हायला लागली.

नाशिकच्या एका वकिलांचा आवडता सिनेमा अस्तित्वातच नव्हता. तीन सिनेमे आणि एक रेडिओ नाटिका मिळून त्यांनी तो तयार केला होता, आणि त्यावर ते रडायचेही. एका बाईंच्या सिनेमात नायिका प्रत्येक वेळी गवती चहा पिताना दिसायची, कारण तो पाहताना त्यांना ताप होता. एकाला भांडणाचा प्रसंग लख्ख आठवायचा, पण नायकाचा आवाज त्याच्या वडलांचा होता. सिनेमा लक्षात का राहतो ह्यावर आजवर जाडजूड पुस्तकं निघाली होती: संगीत, संवाद, छायाचित्रण. यंत्र सांगत होतं की मेंदू सिनेमा साठवून ठेवतच नाही. तो चार खुंट्या ठोकून ठेवतो. आठवायची वेळ आली की त्या खुंट्यांवर त्या क्षणी हाताशी असेल ते कापड टांगतो, आणि पाहून झालं की नव्या कापडासकट परत ठेवून देतो. जितका आवडता सिनेमा तितक्या वेळा बाहेर काढलेला. म्हणून सगळ्यात लाडका तोच सगळ्यात जास्त बदललेला.

एक मात्र होतं. स्वतःची आठवण एकदा अशी बाहेर पडद्यावर पाहिली, की ती बदलायची थांबायची. पुढं आठवलं की पडद्यावरचंच आठवायचं. केंद्रात ह्याला गोठणं म्हणत. पाहायचं की नाही ते ज्याचं त्यानं ठरवायचं.

भूपालरावांचा नंबर गुरुवारी होता.

फक्त आवाज

"तुम्ही नाही गेलात तरी चालेल की."

"का? मी काय गाळ आहे?"

"तसं नाही. गुडघा दुखतोय म्हणत होता."

"टोपी डोक्यावर घालतात, गुडघ्यावर नाही. तू का फिरवतीयस मला? त्या दिवशी आल्यापासनं तोंड एवढंसं झालंय. शेवट चुकला म्हणाली होय ती?"

"चुकला नाही. उलटा होता."

"म्हणजे?"

"काही नाही. चहा घ्या, निवला."

"पद्मा."

"काय?"

"माझं बघायला तू येणार ना? मी एकटा बघणार नाही हां. तो सिनेमा दोघांनी मिळून बघितलेला आहे."

काठ

बुधवारी पद्माबाई एकट्याच कोल्हापूरला गेल्या. रिद्धी उड्याच मारत होती. गाळात टाकलेले सगळे शेवट तिनं आरशासारखे उलटवून पुन्हा एकावर एक ठेवले होते. होडी निघाली होती. थरथर थांबली आणि ती सरळ उजवीकडे गेली. अंबूचा चेहरासुद्धा आता स्वच्छ दिसत होता.

"आणि काकू, ती मागं वळून बघते ना, ते पडद्यामागच्या सगळ्यांना आठवतं. समोरच्या फार थोड्यांना. असं का असेल?"

"समोरच्यांच्या मध्ये माणसं उठायला लागली असतील. आरतीची घाई. मागं आम्ही बाया-पोरीच. आम्हाला कुठं जायचं होतं?" पद्माबाईंनी पर्स मांडीवर घट्ट धरली होती. "मला एक विचारायचंय. सिनेमा सोडून आजूबाजूचं दिसतं का ह्यात? शेजारी कोण बसलंय वगैरे?"

"दिसतं. आम्ही त्याला काठ म्हणतो. सिनेमासाठी तो कापून टाकतो. पण मागितला तर देतो."

"माणसाचा चेहरा?"

"ज्याच्याकडे बघितलं असेल त्याचा अगदी स्पष्ट." रिद्धीनं त्यांच्याकडे पाहिलं. मुलगी हुशार होती. "काकांचा काठ कापूनच ठेवू का? त्यांना सांगायचंच नाही. तुम्ही म्हणाल तसं."

तर हे इतकं सोपं होतं. एक बटण. भूपालराव होडी बघतील, खूश होतील, घरी जाऊन नवी गोष्ट सांगतील. ती शेजारची मुलगी अंधारात होती तिथंच राहील.

पण पद्माबाईंना ती बघायची होती. भीती होतीच, पण त्याहून जास्त उत्सुकता होती. कशी होती? केस कसे होते? कुणाची असेल? गल्लीतली असेल तर आपल्या ओळखीचीच की. चोरपावलांनी का होईना, ज्या जागी आपण इतकी वर्षं बसलो, ती मूळ कुणाची होती ते एकदा कळायलाच हवं.

"कापू नको," त्या म्हणाल्या.

खेळ

खोलीत दिवे मंद केले. भूपालराव टोपीनं विस्कटलेले केस सारखे करत पद्माबाईंच्या शेजारी बसले. "पॉपकॉर्न नाही काय गं ह्यांच्यात?" त्यांनी विचारलं.

पहिला अर्धा भाग छान होता. समोरून पाहिलेला, सरळ. अंबूचा पदर डाव्या खांद्यावर, पुलाचं काम बघायला आलेला इंजिनियर, होडीतलं भांडण. बाजूला पुढच्या माणसांची डोकी, एक गांधीटोपी, खाली पोत्याची किनार.

मग शेवट आला आणि रिद्धीची भुवई वर गेली. होडी डावीकडे निघाली. पाणी निळं झालं. काळ्या-पांढऱ्या सिनेमात निळं पाणी, तेही रंगात पाणी जास्त झाल्यावर पसरतं तसं ओघळलेलं.

"हे माझं चित्र आहे," पद्माबाई हळूच म्हणाल्या. "बैठकीतलं."

"म्हणजे काकांनी शेवट पाहिलाच नाही?" रिद्धी म्हणाली. "त्यांचा शेवट तुमच्या भिंतीवरून आलाय."

"मी म्हणतच होतो की," भूपालराव म्हणाले, "शेवटाला मी पडद्याकडे कुठं बघत होतो?"

आणि त्याच वेळी चित्र वळलं. पडद्यापासून बाजूला, जसा माणूस मान वळवतो तसं. शेंगदाण्याचा कागद. कागद धरलेला हात. मग पडद्याच्या उजेडात चेहरा, अगदी स्पष्ट, गालावर पाणी.

चेहऱ्यावर चष्मा होता. सोनेरी काड्यांचा. कानाजवळचे केस पांढरे व्हायला लागले होते. हनुवटीखाली थोडी सैल झालेली कातडी, आणि रडू आवरताना खालचा ओठ दुमडायची ती सवय.

पोत्यावर, गवळी गल्लीत, त्या मुलीच्या जागी पन्नाशीतल्या पद्मा मगदूम बसल्या होत्या.

रिद्धीनं यंत्र थांबवलं. "काकू, मी शोधते. खाली जुना थर असेल तर..." ती बराच वेळ कळा दाबत राहिली. मग तिनं मान हलवली. "नाही. खाली काही नाही. इतक्या वेळा बाहेर काढून परत ठेवलंय की मूळ चेहरा घासून गेलाय. आता कुणालाच सांगता येणार नाही तिथं कोण होतं."

भूपालराव पडद्याकडे टक लावून पाहत होते. आयुष्यभर साखरेच्या पाकाचे नमुने तपासलेला माणूस. काहीतरी जमत नाहीये हे त्यांच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही.

सुरुवात

"तुला चष्मा कधी लागला?" त्यांनी विचारलं.

"थोरल्याच्या लग्नाच्या आधी."

"मग त्या दिवशी कसा?"

"त्या दिवशी नव्हता."

"मग तू..." ते पद्माबाईंकडे वळले. "तू कुठं होतीस त्या दिवशी?"

आता सांगायचंच होतं. पद्माबाईंनी पर्स खाली ठेवली. "पडद्याच्या मागच्या बाजूला. आमच्या उंबऱ्यात."

खोलीत पंखा फिरत होता. भूपालरावांनी एकदा पडद्यावरच्या बाईकडे पाहिलं, एकदा शेजारच्या. कपाळाला आठ्या घालून ते आठवणीत मागं गेले, आणखी मागं गेले, त्या पोत्यापर्यंत. तिथं कुणीच सापडलं नाही.

"मग ती कोण?"

"मला काय माहीत? तुम्हाला आठवतंय का?"

"नाही." हे सांगताना तेच चकित झाले होते. "कसं असेल बरं. केस, आवाज... काही नाही गं. सारखी तूच येतेस."

"आत्यानं घोटाळा केला."

"गल्लीनं केला. आत्या बिचारी विचारून आली." त्यांना हसू यायला लागलं होतं, पण ते पुरतं आलं नाही. त्यांनी पद्माबाईंचा चेहरा पाहिला होता. "आणि तू हे आठ दिवस एकटीच घेऊन बसलीस? म्हणून चहा निवत होता?"

पद्माबाईंचा खालचा ओठ दुमडला.

रिद्धीनं विचारलं, "काका, ही आठवण आता गोठेल. हीच राहील, चष्म्यासकट. चालेल ना?"

"राहू दे की. जी आहे ती आहे." भूपालराव खुर्ची ओढून पद्माबाईंच्या समोर आले. केमिस्टला नवा नमुना हाती लागावा तशी त्यांच्या डोळ्यांत चमक आली होती. "पण मागून सिनेमा कसा दिसतो ते मी कधी बघितलंच नाही. शेवट तर कुठूनच बघितला नाही. काय काय दिसायचं तिथनं?"

"सगळं. फक्त उलटं."

"असं नको. नीट सांग. तू उंबऱ्यात बसलीस. मग?"

पद्माबाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला आणि परत घातला. "आधी अक्षरं आली," त्या म्हणाल्या. "उलटी. मला वाचता येईनात. शेजारच्या म्हातारीनं विचारलं, सिनेमाचं नाव काय गं? मी म्हटलं, थांबा आजी, जरा बघू दे, आत्ता तर सुरू झालाय."